कांजिण्यांची लस घेतलेल्या मुलीला नागीण? लसीतला दुबळा विषाणू नसांमध्ये शिरतो तरी कसा?

केतकी_नाशिक

मंडळी, गेला आठवडाभर एक प्रश्न पिच्छा सोडत नाहीये. इथे डॉक्टर, संशोधक, पशुवैद्य सगळेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

माझी लेक चार वर्षांची. तिला कांजिण्या कधीच आलेल्या नाहीत. लसीचे दोन्ही डोस झालेत, दोन्ही डाव्या मांडीत. मागच्या आठवड्यात ती "इथे टोचतंय, टोचतंय" म्हणून डावी मांडी धरून बसायला लागली. आधी वाटलं, काहीतरी चावलं असेल. दोन दिवसांनी लाल चट्टा उठला आणि त्यावर पाणीदार फोडांचे झुपके आले. मांडीच्या बाहेरच्या बाजूने निघून तिरका पट्टा गुडघ्याच्या आतल्या अंगाला उतरलेला. उजव्या मांडीवर एक पुटकुळीसुद्धा नाही. बालरोगतज्ज्ञांनी बघताक्षणी सांगितलं, नागीण आहे. पुढे म्हणाले, "लस याच मांडीत दिलीय ना? मग लसीतलाच विषाणू असण्याची शक्यता बरीच आहे. घाबरू नका, औषधाने बरं होईल."

मुलगी बरी आहे, खेळतेय. पण मला हे समजून घ्यायचंय. लसीतला विषाणू दुबळा केलेला असतो असं आपण ऐकतो. मग तो मांडीतून नसेत शिरला कसा, तीन वर्षं तिथे राहिला कसा आणि परत बाहेर आला कसा? आणि तो नसांमधून चालू शकत असेल तर मेंदूपर्यंत का जात नाही?

भाऊ_सांगलीकर

ताई, गेरू लावा. आमच्याकडे गेरूच लावतात. आणि नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका, विळखा पुरा झाला की धोका असतो म्हणतात.

डॉ_अभय

भाऊ, राग मानू नका, पण फोडांवर गेरू नको. फुटलेल्या फोडांत माती गेली की वरून जिवाणूंचा संसर्ग होतो, आणि मग जखम चिघळलेले रुग्ण आमच्याकडे येतात.

विळख्याचं मात्र बघण्यासारखं आहे. नागीण अंगभर विळखा घालत नाही, याला कारण आहे. पाठीच्या कण्यातून प्रत्येक मणक्यापाशी डावी-उजवी अशी नसांची जोडी निघते आणि एकेक नस त्वचेचा एकेक पट्टा सांभाळते. विषाणू ज्या नसेच्या मुळाशी दडलेला असतो तेवढ्याच पट्ट्यात फोड येतात, म्हणून मधली रेषा सहसा ओलांडली जात नाही. केतकीताईंनी पट्ट्याचं जे वर्णन केलंय ते कमरेच्या भागातून निघणाऱ्या नसेशी जुळतं. म्हणजे पुरळ बघूनच विषाणूचा मुक्काम कुठे होता ते सांगता येतं.

आता मूळ प्रश्न. कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून जात नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना संवेदी चेतापेशींच्या गाठी असतात, तिथे तो सुप्त राहतो. लसीतला विषाणू जिवंत असल्यामुळे त्यालाही हे जमतं, फक्त खूप कमी वेळा. लस घेतलेल्या मुलांमध्ये नागिणीचं प्रमाण न घेतलेल्या मुलांपेक्षा सुमारे ७८ टक्क्यांनी कमी आढळलंय. हा अमेरिकेतल्या लाखो मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास आहे. म्हणजे लस घेतल्यामुळे तुमच्या मुलीला नागिणीचा धोका वाढला नव्हता, कमीच झाला होता.

केतकी_नाशिक

धन्यवाद डॉक्टर. पण मग 'दुबळा' म्हणजे नक्की काय? काय दुबळं झालंय त्याचं?

प्रश्नचिन्ह

हाच खरा प्रश्न. दुबळा म्हणायचं आणि नसेत सोडायचं. कंपन्या हे सांगतात का? पालकांना कुणी विचारतं का?

मीरा_व्ही

@प्रश्नचिन्ह, सांगतात. लसीच्या खोक्यातला कागद उघडून बघा, नागिणीचा उल्लेख त्यात आहे. तो कागद दवाखान्यात कचऱ्याच्या डब्यात जातो ही गोष्ट वेगळी, आणि त्याबद्दलची तुमची तक्रार मला मान्य आहे.

@केतकी, मी विषाणूशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशींची. १९६४ साली ते अमेरिकेत असताना त्यांच्या लहान मुलाला जबरदस्त कांजिण्या आल्या. ते हाल बघून त्यांनी या विषाणूचं काम हातात घेतलं. पुढे जपानमध्ये कांजिण्या आलेल्या एका तीन वर्षांच्या मुलाच्या फोडातलं पाणी घेऊन त्यांनी विषाणू वाढवला. मुलाचं आडनाव ओका, म्हणून हा ओका वाण. आधी मानवी गर्भाच्या फुप्फुसपेशींत ३४ अंश सेल्सिअसवर अकरा वेळा आणि मग गिनी पिगच्या गर्भपेशींत बारा वेळा त्याला एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वाढवत नेलं. थंड तापमान आणि परक्या प्राण्याच्या पेशी यांच्याशी जुळवून घेता घेता त्याच्या जनुकांत बदल साचत गेले आणि माणसाच्या शरीरातली त्याची पकड सैल झाली. १९७४ मध्ये या लसीचा पहिला अहवाल आला.

पण पकड सैल झाली ती कुठे? स्टॅनफर्डच्या ॲन आर्विन यांच्या गटाने प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये मानवी ऊतींचे तुकडे रुजवून हे तपासलं. त्वचेच्या तुकड्यात लसीचा विषाणू मूळ विषाणूपेक्षा स्पष्टपणे मागे पडला. रक्तातल्या टी पेशींमध्ये, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये, दोघं जवळपास सारखे वाढले. आणि चेतापेशींच्या गाठीच्या तुकड्यात लसीचा विषाणू मूळ विषाणूसारखाच शिरला आणि टिकून राहिला.

म्हणजे ओका वाण त्वचेत दुबळा आहे, चेतापेशीत नाही. मात्र त्वचेत दुबळा असल्यामुळे तो मुळात कमी वाढतो, नसांच्या टोकांपर्यंत कमी संख्येने पोचतो, गाठींमध्ये कमी साठतो आणि पुढे जागा झाला तरी त्वचेत फारसा पसरत नाही. लसीचा फायदा तिथून येतो.

मी विद्यार्थ्यांना हेच सांगते. कुठल्याही जिवंत लसीबद्दल "हा दुबळा आहे का?" एवढं विचारून भागत नाही. कुठल्या ऊतीत दुबळा, कुणाच्या शरीरात दुबळा आणि कुठल्या वाटेने आल्यावर दुबळा, हेही विचारावं लागतं.

रानवारा

मीराताई, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. एक शंका. विषाणू नसेत "शिरतो" म्हणजे आत पोहत जातो का? मांडीपासून कण्यापर्यंतचं अंतर त्याच्या मानाने प्रचंड आहे.

उंदीरमामा

हा माझा प्रांत. परदेशात मज्जाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि आम्ही एका लसीचाच विषाणू रोज वापरतो.

चेतापेशीचा मुख्य भाग कण्याजवळ आणि तिचा लांबलचक तंतू, म्हणजे ॲक्झॉन, थेट त्वचेपर्यंत किंवा स्नायूपर्यंत. पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू मोठ्या माणसात मीटरभर लांब भरतो. एवढं अंतर पोहून जायचं म्हटलं तर विषाणूला वर्षानुवर्षं लागतील. पण तंतूच्या आत सूक्ष्मनलिका असतात आणि त्यांच्यावरून प्रथिनांच्या मोटरी सतत माल वाहत असतात. मुंबईच्या लोकलसारखं समजा. टोकाकडून मुख्य भागाकडे जाणारी अप लाइन, तिथली मोटर डायनीन. मुख्य भागाकडून टोकाकडे येणारी डाऊन लाइन, तिथली मोटर कायनेसिन. पेशी या गाड्या स्वतःच्या कामासाठी चालवते, विषाणू त्यात घुसतो. कांजिण्यांचा विषाणू अप गाडीने गाठीत पोचतो, तिथे सुप्त राहतो आणि पुढे कधीतरी डाऊन गाडीने त्वचेवर येतो. नागीण ती हीच.

आता लसीची गोष्ट. डुकरांना ऑयेस्की नावाचा रोग होतो. हंगेरीच्या अलादार ऑयेस्कींनी १९०२ मध्ये त्याचं वर्णन केलं. कांजिण्यांच्या विषाणूचा हा नातेवाईक. १९६१ च्या सुमारास आदोर्यान बार्था या हंगेरियन पशुवैद्याने हा विषाणू पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि बार्था वाणाची लस डुकरांसाठी जगभर वापरली गेली. तो दुबळा का झाला हे बऱ्याच वर्षांनी, त्याची जनुकं वाचल्यावर कळलं. जनुकांचा एक तुकडाच गळून पडला होता, आणि त्याबरोबर जीई, जीआय आणि यूएस९ ही तीन प्रथिनं गेली होती. विषाणूला ॲक्झॉनमध्ये बाहेरच्या दिशेने चढवायला नेमकी हीच तीन लागतात. म्हणजे बार्थाची डाऊन गाडी बंद, अप मात्र व्यवस्थित चालू.

हे लक्षात आल्यावर मज्जाशास्त्रज्ञांना मोठं हत्यार मिळालं. उंदराच्या मूत्रपिंडात किंवा जठराच्या भिंतीत बार्था टोचायचा. तो आधी त्या अवयवाला जोडलेल्या चेतापेशीत दिसतो. मग तिला संदेश देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशीत, मग मेंदूच्या बुंध्यात, मग त्याच्याही वर. कुठली पेशी कधी उजळली यावरून कोण कुणाला जोडलंय याचा नकाशा तयार होतो. मूळ विषाणूने हे जमत नाही. तो दोन्ही दिशांना पसरतो, शिवाय प्राणी लवकर दगावतो.

पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सगळा काप काळा आणि त्यात मोजक्याच पेशी हिरव्या चमकत होत्या. टोचलं होतं मूत्रपिंडात आणि उजळली होती मेंदूतली पेशी, तिच्या फांद्यांसकट.

विसोबा_खेचर_२

म्हणजे बार्था डोंबिवलीला चढतो, सीएसएमटीला उतरतो आणि परत घरी यायची गाडीच नाही. बिचारा.

उंदीरमामा

नाही ना! सीएसएमटीला उतरून तो पुढची अपच पकडतो. एका पेशीच्या मुख्य भागातून बाहेर पडायचं, तिला जोडलेल्या आधीच्या पेशीच्या टोकात शिरायचं आणि पुन्हा वर. म्हणूनच नकाशा बनतो.

विसोबा_खेचर_२

सीएसएमटीच्या पुढे अप? मग तो थेट समुद्रात.

डोंबिवली_फास्ट_नाही

सकाळी ८.१० ला चढून दाखव म्हणावं, सगळा दुबळेपणा निघेल.

गोठ्यातला_डॉक्टर

उंदीरमामांच्या माहितीत पशुवैद्याची भर. बार्थाच्या त्या गळालेल्या जीईचा आम्हा लोकांना आणखी एक उपयोग आहे. लस दिलेल्या डुकराच्या रक्तात जीईविरुद्ध प्रतिपिंडं सापडत नाहीत, खरा रोग झालेल्याच्या रक्तात सापडतात. एका रक्तचाचणीत लस घेतलेला आणि रोगी वेगळे काढता येतात. याच जोरावर जर्मनीने २००३ मध्ये आणि अमेरिकेने २००४ मध्ये पाळीव डुकरांमधून हा रोग संपवला.

आणि हा विषाणू डुकरात तुलनेने सौम्य असला तरी गाय, कुत्रा, मांजर यांना लागला की संपलंच. जनावर खाजवून खाजवून स्वतःचं कातडं फाडतं आणि दोन-तीन दिवसांत मरतं. "कुणाच्या शरीरात दुबळा" हा मीराताईंचा मुद्दा आमच्या धंद्यात पावलोपावली लागतो.

भाऊ_सांगलीकर

नसांमधून मेंदूत जाणारा म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग ना? मग ती लसही धोक्याची म्हणायची. माझ्या मामांना पोटात चौदा इंजेक्शनं दिलेली. त्या काळी काहींना त्यानेच लुळेपणा आला असं सांगायचे.

डॉ_अभय

भाऊ, हे नीट वेगळं करूया, कारण या गैरसमजापायी लोक आजही कुत्रा चावल्यावर लस टाळतात.

तुमच्या मामांना मिळाली ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बनवली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा आणि कार्बोलिक ॲसिडने मारायचा. विषाणू मेलेला, पण सोबत मेंढीच्या मेंदूतली प्रथिनं. काही जणांच्या प्रतिकारशक्तीने त्या प्रथिनांविरुद्ध हल्ला सुरू केला आणि त्या भरात स्वतःच्या मज्जातंतूंवरचं आवरणही सोललं गेलं. लुळेपणा यायचा तो यामुळे. विषाणू नसांमधून चालत गेला म्हणून नाही.

ती लस भारतात २००५ च्या आसपास पूर्ण बंद झाली. आजची दंडावरची रेबीजची लस पेशींमध्ये वाढवून मारलेल्या विषाणूची आहे. ना त्यात मेंदूचा अंश, ना जिवंत विषाणू. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्या. जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, तीसुद्धा.

उंदीरमामा

जिवंत रेबीज लस आहे, पण ती कोल्ह्यांसाठी. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली आणि तिथून युरोपभर मोहीम गेली. त्या घराण्यातला एसएडी बी१९ वाण आज मज्जाशास्त्रात वापरतात. त्याचं बाहेरच्या आवरणाचं जनुक काढून टाकतात आणि ते प्रथिन फक्त सुरुवातीच्या पेशींना वेगळं पुरवतात, म्हणजे तो एकाच पेशीची उडी मारतो आणि थांबतो. २००७ पासून ही पद्धत प्रचारात आहे.

सुनंदा_वर्दे

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या सोसायटीत रोज रात्री

संपादक_मंडळ

भटक्या कुत्र्यांसाठी वेगळा धागा चालू आहे, तिथे लिहावे ही विनंती. या धाग्यावर लस आणि मज्जासंस्था.

आरोग्यसेविका_ताई

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम आहे. इतकी वर्षं पोलिओचे थेंब पाजते. तुम्ही सगळे लिहिताय ते वाचून एक विचारते. थेंबातला विषाणूही जिवंतच ना? आमच्या प्रशिक्षणात सांगतात की कुपीवरचा तो चौकोन बघायचा. जांभळ्या वर्तुळात पांढरा चौकोन असतो, उष्णता लागली की तो गडद होत जातो, वर्तुळाच्या रंगाचा झाला की कुपी टाकून द्यायची. म्हणजे जिवंत ठेवायला एवढी धडपड. मग तो नसांत जात नाही का?

मीरा_व्ही

ताई, अगदी मुद्द्याचं विचारलंत. जातो, पण अतिशय क्वचित.

अल्बर्ट सेबिन यांनी थेंबांसाठी बनवलेल्या तिन्ही वाणांमध्ये (पोलिओच्या तीन प्रकारांसाठी एकेक) जनुकसाखळीच्या सुरुवातीच्या भागात एकेक कळीचा बदल आहे. त्या बदलामुळे चेतापेशीत विषाणूची प्रथिनं नीट बनत नाहीत, आतड्यात मात्र तो चांगला वाढतो. आपल्याला हवं असतं तेच. अडचण अशी की तिसऱ्या प्रकारात तो बदल फक्त एका अक्षराचा आहे, ४७२ व्या जागेवरचा, आणि बाळाच्या आतड्यात वाढताना काही दिवसांतच ते अक्षर मूळ पदावर येऊ शकतं. जवळजवळ सगळ्या बाळांमध्ये तोवर प्रतिकारशक्ती तयार झालेली असते आणि काही बिघडत नाही. पण साधारण २७ लाख डोसांमागे एखाद्या बाळात विषाणू मज्जारज्जूत पोचतो आणि लुळेपणा येतो. दुसरा धोका लस कमी घेतलेल्या वस्तीत. तिथे थेंबातला विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे महिनोन् महिने फिरत राहिला तर बदलत बदलत पुन्हा जोर धरतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेल्या एका तरुणाला आणि २०२४ मध्ये गाझामधल्या एका बाळाला लुळेपणा आला, तो अशाच विषाणूमुळे.

असा बदललेला विषाणू बहुतेक वेळा पोलिओच्या दुसऱ्या प्रकारचा निघायचा. जंगली, म्हणजे लसीतला नसलेला मूळ, दुसरा प्रकार १९९९ नंतर कुठेच दिसला नाही, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर एकाच सुमारास तो थेंबांतून काढला. आपल्याकडे त्याच्या आगेमागे त्वचेत द्यायची मृत विषाणूची लस सुरू झाली, ताई, जी तुम्ही बाळाच्या दंडावर देता. आणि आता दुसऱ्या प्रकाराचा नवा वाण बनवलाय, त्यात जनुकं अशी बदलली आहेत की मूळ पदावर येणं खूप कठीण व्हावं. उद्रेकांमध्ये २०२१ पासून तोच वापरतात.

जुना_परळकर

परळला हाफकिन संस्थेच्या आवारात जी पोलिओची प्रयोगशाळा आहे, तिच्यामुळे मुंबईच्या सांडपाण्यावर २००१ पासून नजर आहे. नाल्यातल्या पाण्यातून विषाणू काढून तो जंगली, लसीचा की लसीपासून बदललेला हे बघतात. एकही मूल आजारी नसताना कळतं. आमच्या भागातल्या लोकांना याचा अभिमान वाटायला हवा, पण बहुतेकांना पत्ताच नाही.

हेमलता_का

माझ्या थोरल्या बहिणीचं लिहिते. साठच्या दशकात तिला ताप आला, वडील गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले, त्यांनी कुल्ल्यावर इंजेक्शन दिलं. चार दिवसांत तोच पाय गेला. आई मरेपर्यंत म्हणायची, "त्या सुईनं माझ्या पोरीचा पाय नेला." पुढे आम्हीच तिला समजावत राहिलो, की पोलिओ होता, सुईचा काय संबंध. आज हे सगळं वाचताना विचारावंसं वाटतंय, खरंच संबंध होता का?

मीरा_व्ही

हेमलताताई, संबंध असू शकतो. तुमच्या आईंचं निरीक्षण जगभरातल्या डॉक्टरांनीही नोंदवलंय.

१९४९-५० मध्ये मेलबर्न आणि लंडनमधून अहवाल आले की पोलिओच्या साथीत ज्या मुलांना नुकतं इंजेक्शन मिळालं होतं, त्यांच्यात लुळेपणा नेमका टोचलेल्या हातात किंवा पायात येतोय. कारण १९९८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकच्या मथियास ग्रोमायर आणि एकार्ड विमर यांनी दाखवलं. पोलिओ होऊ शकेल अशा उंदरांच्या स्नायूला सुईने इजा केली की विषाणू त्या स्नायूच्या तंतूतून उलट मज्जारज्जूकडे जायला लागतो. विषाणू रक्तात आधीच असतो, इजेमुळे त्याला नसेची वाट मोकळी होते. तुमच्या बहिणीला पोलिओची लागण सुईमुळे झाली नाही. पण तोच पाय का, याचं उत्तर त्या सुईत असू शकतं.

लसीच्या विषाणूबाबतही हे दिसलंय. रोमानियात थेंबांनंतरच्या लुळेपणाचं प्रमाण इतर देशांपेक्षा फार जास्त होतं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण निघालं, की थेंब दिल्यानंतर महिन्याभरात त्या बाळांना स्नायूत भरपूर इंजेक्शनं, मुख्यतः प्रतिजैविकांची, दिली जायची. जितकी इंजेक्शनं जास्त तितका धोका जास्त. "कुठल्या वाटेने" असं मी वर लिहिलं ते यासाठी.

हेमलता_का

आईला हे ऐकवता आलं असतं तर फार बरं झालं असतं. खूप आभार.

प्रश्नचिन्ह

बघा, सगळं तुम्हीच सांगताय. मग थेंब द्यायचेच कशाला? देशात पोलिओ नाही, धोका फक्त लसीचा उरलाय.

आरोग्यसेविका_ताई

दादा, पोलिओ नाही कारण थेंब आहेत. आणि एक सांगते, हे असं २७ लाखांत एक वगैरे मी वस्तीत बोलले तर उद्या दार उघडणार नाहीत. मी स्वतः दारं बंद झालेली बघितलीत.

मीरा_व्ही

@प्रश्नचिन्ह, २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एक, १३ जानेवारीला हावड्यातल्या एका मुलीचा, आणि त्यानंतर जंगली पोलिओचा एकही नाही. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात तो अजून आहे. आज थेंब थांबवले तर काही वर्षांत प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांची पिढी तयार होईल आणि फिरणाऱ्या विषाणूला, जंगली असो वा लसीपासूनचा, ती आयती मिळेल. थेंब बंद करायचेच आहेत, पण जंगली विषाणू जगातून गेल्यावर, आणि मृत लस सगळ्यांपर्यंत पोचवून.

@ताई, तुमची अडचण मी समजू शकते, दारात तुम्हाला उभं राहावं लागतं, मला नाही. पण लपवण्याच्या बाजूने मी नाही. एखाद्या वस्तीत ती दुर्मिळ घटना घडली आणि "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं झालं तर दारं पिढीभर बंद राहतील.

डॉ_अभय

या मुद्द्यावर मी ताईंच्या जास्त जवळ आहे. आकडा सांगायचा, पण शेजारी रोगाचा आकडाही तितक्याच ठळकपणे हवा. घाईच्या ओपीडीत पहिलाच लक्षात राहतो.

आरोग्यसेविका_ताई

शेजारचा आकडा सांगायला मला जुनं माणूस सोबत लागतं. आमच्या वाडीत एक आजोबा आहेत, दोन्ही पाय पोलिओने गेलेले. ते ओट्यावर बसून आयांना बोलावतात. त्यांच्यानंतर कोण बोलावेल माहीत नाही.

बंदरावरचा

मर्चंट नेव्हीत आहे. पिवळ्या तापाची लस घेताना मुंबईत आमचा एक सहकारी साठीच्या वर होता, डॉक्टरांनी त्याची चौकशी फार बारकाईने केली. तीही जिवंत लस आहे ना?

मीरा_व्ही

हो, १७डी वाण. १९३७ चा, मॅक्स थायलर यांचा. याच कामासाठी त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं. क्वचित ही लस मेंदूला सूज आणते, दर लाख डोसांमागे एकाहूनही कमी वेळा, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत आणि साठीपुढे धोका वाढतो. म्हणून चौकशी.

या रोगाची आणखी एक लस होती, ती या धाग्याला फार लागू आहे. फ्रेंच शास्त्रज्ञांनी विषाणू उंदरांच्या मेंदूत शंभराहून अधिक वेळा वाढवला. त्यामुळे यकृतावरची त्याची पकड सुटली आणि पिवळ्या तापाच्या दृष्टीने तो दुबळा झाला. पण मेंदूत वाढवत नेलेला विषाणू मेंदूतच तरबेज झाला. आफ्रिकेतल्या मुलांमध्ये त्या लसीने मेंदूज्वर व्हायला लागले आणि शेवटी १९८२ मध्ये उत्पादन थांबलं. एकच रोग, दोन्ही विषाणू 'दुबळे', आणि दोघांची मेंदूबाबतची वागणूक अगदी वेगळी.

रानवारा

केतकीताईंचा एक प्रश्न राहिला. कांजिण्यांच्या लसीचा विषाणू गाठीपर्यंत जातो, मग पुढे मेंदूत का जात नाही?

डॉ_अभय

गाठीतल्या पेशीला दोन टोकं असतात, एक त्वचेकडे, दुसरं मज्जारज्जूकडे. त्यामुळे वाट आहेच. नागिणीनंतर मेंदूच्या आवरणाला सूज आलेली मुलं नोंदली गेलीत, लसीच्या वाणानेसुद्धा, पण फार थोडी. बहुतेकांत टी पेशी त्या गाठीभोवती पहारा देतात आणि विषाणू जागा झाल्यावर लवकर दाबतात. म्हणूनच रक्ताचा कर्करोग, केमोथेरपी, जन्मजात कमी प्रतिकारशक्ती अशा मुलांना ही जिवंत लस सरसकट देत नाहीत. केतकीताई, तीव्र डोकेदुखी, मान ताठ होणं, उलट्या, गुंगी यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना.

केतकी_नाशिक

तसं काही नाही. ॲसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध चालू आहे, बहुतेक फोड सुकलेत, खपल्या धरल्यात. डॉक्टरांनी फोडातलं पाणी तपासणीला पाठवायचं का विचारलं होतं. आणि एक, धाकटा पंधरा महिन्यांचा होतोय, त्याची कांजिण्यांची लस ठरलेली आहे. सासूबाई नको म्हणताहेत. शिवाय शेजारची वहिनी गरोदर आहे, ती रोज येते.

डॉ_अभय

पीसीआर तपासणीत लसीचा वाण की बाहेरचा हे कळू शकतं, पण सगळीकडे ती सोय नाही आणि उपचार दोन्हींत तेच आहेत. मिळत असेल तर जरूर करा, नोंद होईल.

धाकट्याला लस द्या. वर लिहिलेला ७८ टक्क्यांचा आकडा सासूबाईंना सांगा, आणि हेही की लस न घेता कांजिण्या आल्या तर तोच विषाणू पूर्ण ताकदीचा गाठीत जाऊन बसेल. शेजारच्या वहिनींना पूर्वी कांजिण्या आल्या होत्या का किंवा लस झाली आहे का ते विचारा. दोन्ही नसेल तर सगळ्या खपल्या धरेपर्यंत त्यांनी येऊ नये, आणि फोड सुती कपड्याने झाकून ठेवा. येऊन गेल्या असतील तर त्यांनी आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करावा.

केतकी_नाशिक

वहिनीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, आत्ताच विचारलं. मुलीची शाळा पुढच्या आठवड्यापासून. सासूबाईंना मीराताईंचा त्वचा आणि चेतापेशींवरचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्या जपानी डॉक्टरच्या पोराचं पुढे काय झालं?"

मीरा_व्ही

बरा झाला तो! सांगा त्यांना.

सुनंदा_वर्दे

उशिरा आले. माझं वय ५८, लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात. नागिणीची लस निघाली आहे म्हणतात. तीही नसांत जाणारी आहे का?

डॉ_अभय

सध्या भारतात पन्नाशीपुढच्यांना मिळते त्या लसीत विषाणूच नाही, त्याच्या आवरणावरचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारं द्रव्य आहे. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. हात दोन दिवस चांगला दुखतो, ताप येऊ शकतो. महाग आहे. मधुमेह किंवा दुसरं काही चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.